सामानाची वही

तरुण मुलामुलींना फोटोग्राफी आणि फिल्म शिकवणाऱ्या सामुदायिक कार्यक्रमात मी गेले ती एडिटिंग शिकवायला. पहिल्या दिवशी हातात आली एक वही. कुठला कॅमेरा कोणाकडे, कोणती बॅटरी फुगली आहे, कुठल्या ट्रायपॉडचा स्क्रू ढिला आहे, असल्या नोंदी. मला जरा अपमानच वाटला. आता या कामात येऊ पाहणारं कोणी भेटलं, की मी आधी त्या वहीबद्दलच बोलते.

दहा मुलं, दोन कॅमेरे, आणि त्यातल्या एकाची बॅटरी उतरलेली. अशा वेळी सगळ्यांत धीट मुलगा कॅमेरा पटकावतो, बाकीचे बॅगा सांभाळतात. एखादी अबोल मुलगी तीन-तीन आठवडे नुसती माइकची वायर गुंडाळते आणि शिकवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण तो धीट मुलाची फ्रेम बघण्यात रंगलेला असतो. लक्षात येतं ते सामान देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या. मी मग वहीत एक रकाना वाढवला: कॅमेरा आज कोणाच्या हातात होता? पुढच्या गटांच्या वाटण्या त्या रकान्यावरून होऊ लागल्या.

शिकवणारे बहुतेक जण स्वतः काम करणारे छायाचित्रकार किंवा एडिटर असतात. त्यांना विषय येतो, प्रश्न हातांचा असतो. मुलाची फ्रेम वाकडी दिसली की हात आपोआप ट्रायपॉडकडे जातो. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर वर्गात दोन्ही हात खिशात घालूनच फिरायचे. आधी वाटलं, ऐट आहे. तसं नव्हतं. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० सेकंदावर का ठेवायचं, हे ते नीट समजावून सांगायचे. पण आकाश किती घ्यायचं, हे कधीच नाही.

तिसरं माणूस फोन करणारं. मुलगी चार वेळा आली नाही तर घरी फोन कोण करतं, परीक्षेच्या आठवड्यात शूट ठेवू नका असं कोण बजावतं, संमतीपत्रं कोण गोळा करतं? अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही लागतेच, पण मुलाला स्वतःला विचारणंही तितकंच गरजेचं. ज्यांचे फोटो मुलं काढतात त्यांनाही विचारायचं, आणि एकदा नाही, दोनदा: काढताना आणि दाखवण्याआधी. दुसऱ्या वेळी येणारा नकार जास्त खरा असतो. पहिल्या वेळी लोक भिडेखातर हो म्हणतात.

आधी दाखवून मग विचारण्याची ही रीत आम्ही शोधलेली नाही. १९६७ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर माहितीपटकार कॉलिन लो यांनी तिथल्या कोळी लोकांबरोबर छोट्या छोट्या फिल्म केल्या. त्या वेळी बेटावरच्या लोकांना दुसरीकडे हलवायची सरकारी चर्चा चालू होती. फिल्म आधी बेटावरच दाखवल्या गेल्या. एका वस्तीचं म्हणणं दुसऱ्या वस्तीनं पडद्यावर ऐकलं आणि मगच ते बाहेर गेलं. १९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्यातून पुढे ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत घडली. तिथेही कुठल्या फोटोबद्दल बोलायचं हे ठरवायचं ते फोटो काढणारीनंच. नव्यानं येणाऱ्यांनी लेन्सच्या आधी हे वाचावं, असं माझं मत आहे.

मला ते वाचूनही कळलं नव्हतं. एका मुलानं आजोबांवर फिल्म केली होती. आजोबांची दृष्टी गेलेली. ते खुंटीवरची किल्ली चाचपत शोधतात, असा अकरा सेकंदांचा शॉट, त्यात एक शब्द नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लांबी कमी करायची होती म्हणून मी तो कापला. सकाळी दाखवलं. मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “ताई, मधले आजोबा कुठे गेले?”

माझ्याकडच्या फाइलवर मी नवी फाइल चढवून बसले होते. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड दुसऱ्या गटासाठी रिकामं केलेलं. वही तोवर दुसऱ्या एका सहकारी मुलीकडे गेली होती. तिनं पान उलटून दाखवलं: “कार्ड ४, आणखी एक प्रत, उघडून तपासली.” सेकंदाला ५० मेगाबिटनं चित्रित केलेली दहा मिनिटं म्हणजे पावणेचार जीबी, हार्ड डिस्क भरतात म्हणून मीच तिच्या जादा प्रतींवर कुरकुर केली होती.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. निधी बहुधा प्रकल्पापुरता येतो, त्यामुळे कामही तुकड्यातुकड्यांनी मिळतं. सुरुवातीला दुसरं काहीतरी हाताशी ठेवा. मुलाखतीला स्वतःची फिल्म घेऊन गेलात तर बघतील, नाही असं नाही. पण कोणाला तरी शिकवलेलं, कोणाबरोबर तरी केलेलं काही असेल तर ते आधी काढा. आवाजाचं काम शिकून या. कॅमेरा शिकवणारे पुष्कळ असतात; पण मुलाखत संपल्यावर कोणी बोलत नसताना त्याच खोलीतला अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करायला लावणारं कोणी नसतं, आणि एडिटिंगला बसल्यावर सगळे तोच शोधतात.

आणि कार्यक्रम बघायला गेलात तर भिंतीवरचे फोटो सावकाश बघा, पण वही मागून घ्या. शेवटची नोंद कधीची आहे, आणि ती मुलांपैकी कोणी केली आहे का, ते पाहा. आमच्याकडे आता ती वही त्या आजोबांच्या नातवाकडे असते. मला कार्ड हवं असलं तरी सही केल्याशिवाय तो देत नाही.