ऐकण्याची प्रार्थना: या चुका टाळा

ऐकण्याची प्रार्थना म्हणजे गप्प बसून देवाचं ऐकणं. "घर जरा शांत झालं की बसेन" ही त्यातली पहिली चूक. मी ती कित्येक वर्षं केली. दोन खोल्यांचं घर, साडेपाचला नळाला पाणी, खाली मोटरचा घोंघाट. शांतता मिळणार कुठून? येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला, हे बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं आपण एकमेकांना सांगतो. लगेच पुढे त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला शोधत आले, ते मात्र सोडून देतो. आता मी नळ सोडला की पिंपाशेजारीच पाट टाकून बसते. पिंप भरत आलं की धारेचा आवाज बदलतो, त्यामुळे घड्याळाकडे बघावं लागत नाही. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) कॅथलिक धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) तर ध्यानात आजूबाजूचे आवाज मुद्दाम ऐकायला सांगत.

बायबलचं वचन मोबाइलवर उघडू नका. स्तोत्र काढायला फोन हातात घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण शेवटपर्यंत वाचून काढलं, असं माझं झालंय. छापील बायबल बरं.

मग यादी. सासूबाईंचा गुडघा, मुलाची बारावी, घराचं भाडं... सगळं घडाघडा सांगायचं, आमेन म्हणायचं आणि उठायचं. यात ऐकलं कधी? यादी कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवा आणि गप्प बसा. सुरुवातीला पाच मिनिटंही जड जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मनात आलं ते "देव बोलला" म्हणून सांगत सुटणं. एका ताईंना असं म्हणून दुसऱ्याच्या मुलीचं लग्न परस्पर ठरवताना मी पाहिलंय! "बोल, तुझा दास ऐकत आहे" म्हणणाऱ्या बायबलमधल्या लहानग्या शमुवेलालाही देवाच्या पहिल्या तीन हाका ओळखता आल्या नाहीत. एली याजकानेच बोलावलं असं वाटून तो त्याच्याकडेच धावला. आपणही वचनाशी ताडून पाहावं, जाणत्या माणसाला विचारावं, आणि दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल काही सुचलं तर निदान महिनाभर तोंड मिटून ठेवावं.

झोप येते? बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर देवाची ती मंद वाणी ऐकू आली. पण त्याआधी तो झाडाखाली थकून झोपला होता आणि देवदूताने त्याला दोनदा उठवून खाऊ घातलं होतं. तेव्हा पेंगत असाल तर आज सरळ झोपा. पाणी उद्याही साडेपाचलाच येणार आहे.