होळीआधी रेडिएटर, दसऱ्याआधी पुढचा ॲक्सल

खानदेशात जुन्या फोर-बाय-फोर जीपला दोन गोष्टी खातात: मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि पावसाळ्यातली काळी माती. ऊन लगेच कळतं, काटा लाल पट्टीत जातो. पाणी आणि माती मात्र पुढच्या ॲक्सलमध्ये गुपचूप शिरतात. तो ॲक्सल वर्षभर फारसा कामाला लागत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही. मग चांदसैलीच्या घाटात फोर-व्हीलचा लिव्हर टाकल्यावर आतून कटकट ऐकू येते. इथलं वर्णन पुढे-मागे सलग ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असलेल्या महिंद्रा एमएम ५४० सारख्या जीपचं आहे. थार सीआरडीईचं पुढचं सस्पेन्शन वेगळं, तिला किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) नाही. पण तेल, क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चौफुली तुकडा) आणि रेडिएटरची कामं तिलाही लागू आहेत.

पाऊस संपला की आधी पुढचा ॲक्सल घ्या. काळ्या मातीत जॅक धसतो, म्हणून त्याखाली दीड-दोन इंच जाडीची फळी ठेवा. गाडी उचलण्याआधी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि उचलली की ॲक्सलखाली स्टँड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. काही जुन्या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जरी वर उचललं, तरी डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि गाडी घसरते.

आता चाक वर आणि खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष हबच्या बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिनचा. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखड आली तर टायरॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड, म्हणजे टोकांचे सांधे, बघा. एखाद्या खड्ड्यानंतर स्टीअरिंग जोरजोरात थरथरतं, ते बहुतेक वेळा ढिल्या किंगपिनमुळे किंवा झिजलेल्या एंडमुळे. नुसता स्टीअरिंग डँपर बदलून ते काही दिवस दबतं, जात नाही.

हब उघडताना टोपी किंवा लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडायची-सोडवायची कळ) काढल्यावर दोन नट लागतात, मध्ये दुमडलेला लॉक वायसर. या नटांचा बॉक्स पाना वेगळा मिळतो, तो घ्याच. छिन्नी-हातोड्याने नट फिरवले की कडा मोडतात आणि नंतर नट नेमका कसता येत नाही. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन कापडाने पुसा. हवा मारून गरगर फिरवू नका, कोरडे रोलर ओरखडतात. रोलर उजेडात धरून बघा: निळसर झाक म्हणजे ते तापलेलं आहे, बारीक खड्डे म्हणजे पाणी शिरलेलं आहे. बदलायचं तर हबमधला बाहेरचा कपही सोबत बदला.

ग्रीस लिथियमचं, व्हील बेअरिंगसाठीचं घ्या. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून ओढा. रोलरच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या बारीक शेवया वर येईपर्यंत हे करायचं, मग थोडं फिरवून पुढचा भाग. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका, तिसरा हिस्सा पुरे. जास्त ग्रीस तापून पातळ होतं, सील ओलांडून ड्रममध्ये जातं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. सील दर वेळी नवंच घाला.

आतला नट हब फिरवत फिरवत कसा. हब जड झाला की नट एक षष्ठांश फेरा मागे सोडा. नंतर लॉक वायसर, बाहेरचा नट, आणि वायसरची कड दुमडा. दहा किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट घट्ट झालाय.

हबकडे जाण्याआधी ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची बारीक वाट) तपासायला हवा होता, असं अनेकदा उलटं लक्षात येतं. ब्रीदर चिखलाने बुजला की गरम झालेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. गरम ॲक्सल पांझरेच्या किंवा अनेरच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तीच सील पाणी आत ओढतात. सील पुन्हा पुन्हा गळतंय म्हणून बदलत बसण्यापेक्षा ब्रीदर साफ करून त्याला डिझेल पाइपचा तुकडा लावा आणि बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या. या एका पाइपने ॲक्सलची वर्षं वाढतात.

तेल काढताना आधी भरायचा प्लग उघडा. तोच जाम असेल आणि खालचा काढून बसलात तर गाडी जागेवर अडकते. पाच किलोमीटर फिरवून कोमट तेल सोडा. दुधी चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. नवं भरून आठवडाभराने पुन्हा बदला. ॲक्सलमध्ये ईपी ९० जीएल-५ प्रतीचं गिअर तेल. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) असतात, तिथे जीएल-४ च. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं, करंगळीच्या टोकाने कळतं. गिअरबॉक्सचं तेल कमी आणि ट्रान्सफर केसचं वाढलेलं दिसलं तर मधलं सील गेलेलं आहे. काढलेलं तेल वावरात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ग्रीसगन लावून चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. जिथून येत नाही, ती टोपी कोरडी आहे. टोपीजवळ लालसर भुकटी दिसली तर क्रॉस बदला. शाफ्ट काढण्याआधी जोडावर खडूने खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर गाडी थरथरते.

महिन्यातून एकदा नांगरलेल्या वावरात किंवा नदीच्या वाळूत फोर-व्हील टाकून किलोमीटरभर चालवा. डांबरी रस्त्यावर नको: वळणावर पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका, गाडी थोडी सरळ मागे घ्या, सुटतो.

उन्हाळ्याचं काम फाल्गुनातच करावं. इंजिन थंड असताना रेडिएटर रिकामा करा, खालून वर उलटं पाणी सोडा. बोअरचं पाणी भरू नका. ज्या क्षारांनी हंड्याला पांढरा थर येतो, तेच नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. गाडी चालवून बंद केल्यावर जाळीवर सावकाश हात फिरवा. जिथे थंड लागतं तिथल्या नळ्या बुजल्यात, तांब्या-पितळेची जाळी असेल तर कारागिराकडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. जाळीतला भुसा आणि कापूस इंजिनच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकायची पद्धत इकडे फार रुजली आहे. बायपास (रेडिएटरला वळसा घालणारी वाट) असलेल्या इंजिनात तो काढला की गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात फिरतं, म्हणजे ऐन उन्हात गाडी जास्त तापते. तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून गरम करा आणि त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडतो का ते बघा. नसेल उघडत तर त्याच तापमानाचा नवा घाला.