पाऊस उघडल्यावरच कात्री लावा : मुंबईच्या गच्चीवरील द्राक्षवेलीसाठी ऑक्टोबरचा सल्ला

नाशिक-सांगलीकडे फळछाटणीची लगबग सुरू झाली की बोरिवली, मुलुंड, वसईतले गच्चीवरचे हौशी बागायतदारही कात्री घेऊन वेलीपुढे उभे राहतात. जरा दमानं घ्या. मुंबईतून पाऊस जायला बहुधा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो, आणि गेला म्हणता म्हणता एखादी सर येऊन जाते. छाटणीनंतर थोड्याच दिवसांत डोळे फुगून कोवळी फूट निघते. नेमकी ती भिजली तर केवडा हा बुरशीचा रोग आलाच म्हणून समजा. तेव्हा आठवडाभर सलग कोरडी हवा मिळाल्यावरच, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, छाटणी उरका.

द्राक्ष म्हटलं की आपल्याकडे फ्रान्सचं नाव निघतं. मुंबईकराने खरं तर पोर्तुगालकडे पाहावं. तिथल्या दौरू खोऱ्याची हद्द वाइनचं क्षेत्र म्हणून 1756 मध्येच आखली गेली, पण उन्हाने तापलेले ते शिस्ट खडकाचे कोरडे उतार आपल्या कामाचे नाहीत. कामाचा आहे तो वायव्येचा मिन्यू प्रांत. अटलांटिकचे ढग थेट अंगावर घेणारा हा भाग. ‘व्हिन्यू व्हेर्द’ या वाइनचं क्षेत्र म्हणून 1908 मध्ये त्याची आखणी झाली. इथले शेतकरी पूर्वापार वेल ग्रॅनाइटच्या खांबांवर डोक्याच्या वर चढवत, नाहीतर बांधावरच्या झाडांवर सोडत, आणि खाली मका-भाजी घेत. जमीन तर वाचेच, शिवाय पानं ओल्या मातीपासून दूर राहून खालून वारा खेळे. त्यांचा बराचसा पाऊस वेल झोपलेली असताना, हिवाळ्यात पडतो. आपला दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस पडतो तेव्हा वेल पानांनी भरलेली असते. म्हणजे वाऱ्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त. वसईवर 1534 ते 1739 अशी दोन शतकं राज्य करून गेलेल्या पोर्तुगिजांकडून एवढं शिकायला हरकत नाही.

म्हणून वेल कठड्याच्या जाळीवर पसरू नका. सात फुटांवर मांडव करा, पाइप पक्के बांधा आणि तारांमध्ये दीड-दोन फूट अंतर ठेवा. मांडवाखाली उभं राहून वर पाहिल्यावर जागोजागी आभाळ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर फुटी जास्त झाल्या. वांझ फुटी कोवळ्या असतानाच हाताने खुडा. कुंडी म्हणून अर्धा ड्रम वापरत असाल तर ओल्या मातीसकट त्याचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. तो तुळईवर येईल असा ठेवा आणि सोसायटीला आधी विचारा, नंतरची भांडणं फार वाईट.

छाटणीआधी दहा-बारा दिवस पाणी कमी करून उरलेली पानं हाताने काढा. तपकिरी, पेन्सिलीएवढी जाड काडीच ठेवा. हिरवी काडी घड देत नाही. बंगलोर ब्ल्यू या जातीत काडीवर तीन-चार डोळे राखले तरी घड निघतात, थॉमसन या बिनबियांच्या जातीला सहा-आठ लागतात. नवीन वेल लावणाऱ्यांनी सरळ बंगलोर ब्ल्यू घ्यावी. ती लाब्रुस्का या अमेरिकी द्राक्षाच्या कुळातली असल्याने दमट हवेत थॉमसनपेक्षा बरी तग धरते. थॉमसनचा हट्ट मुंबईत महागात पडतो. पाणी बोअरचं आणि मचूळ असेल तर खारं पाणी सोसणाऱ्या डॉगरीज खुंटावर (म्हणजे मुळाकडच्या वेलीवर) बांधलेलं कलमच मागा, नाहीतर पानांच्या कडा करपत राहतील. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून मोठ्या बागांत हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, घराजवळ नको. चार डोळे मागेपुढे फुटले तर काय बिघडलं?

कात्री लावली त्याच दिवशी खोडाला व काड्यांना एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक लावा. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. दहा ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून थंड होऊ द्या, मग दोन्ही एकत्र ओता. त्यात लोखंडी पातं बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, कोवळ्या पानांवर मारू नका. याचा शोधही गमतीचा. फ्रान्सच्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फासत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं मियार्दे या शास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं.

फूट निघाल्यावर रोज सकाळी पानं उलटून पाहा. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी म्हणजे केवडा. पानावर राखेसारखी पूड दिसली तर भुरी, हाही बुरशीचाच रोग. असं पान लगेच तोडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत पडू देऊ नका. पाणी सकाळी, तेही बुडाशीच.

समुद्राकडच्या गच्च्यांवर खारा वारा कोवळी फूट जाळतो. पोर्तुगालच्याच अटलांटिकमधल्या अझोर्स द्वीपसमूहातल्या पिकू बेटावर काळ्या बेसॉल्टच्या बुटक्या भिंती रचून वेलींभोवती लहान लहान चौक केले आहेत. 2004 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आपण पश्चिमेच्या बाजूला शेडनेट ताणलं तरी भागतं. फक्त ते मांडवापर्यंत नेऊन सगळा वारा कोंडू नका.

मण्यांवर रंग चढण्याआधी घडांना जाळीच्या पिशव्या बांधा, नाहीतर बुलबुल आणि वटवाघळं तुमच्या आधी जेवतील. घड फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतील. तोडल्यावर द्राक्ष पिकत नाही, म्हणून घडाच्या शेंड्याचा, अगदी खालचा मणी चाखा. तो सगळ्यात शेवटी गोड होतो.