बेळगावातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीनं अजाईलवर यायचं कसं

आपल्याकडं बेळगावात सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे बहुतेक वेळा दहा-पंधरा पोरं, निम्मी व्हीटीयूच्या (इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या) कुठल्यातरी कॉलेजातनं आलेली, आणि कस्टमर म्हणजे उद्यमबागेतली फौंड्री, मशीनशॉप नाहीतर निपाणी-चिकोडीकडचा एखादा व्यापारी. पद्धत ठरलेली. महिनाभर रिक्वायरमेंट लिहून सही घ्यायची, मग तीन-चार महिने कोडिंग, मग घाईघाईनं टेस्टिंग, आणि इन्स्टॉल करायला गेलं की मालक म्हणतो "असं नव्हतं सांगितलं की हो". पुढचं भांडण सगळं त्या सहीवरनं. ज्यांना यातनं बाहेर पडून अजाईलवर, म्हणजे थोडं थोडं करून कस्टमरला दाखवत आणि त्याचं ऐकून बदलत जायच्या पद्धतीवर यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जिराचं (टीमच्या कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) लायसन्स घेऊ नका आणि कुणाला सर्टिफिकेटच्या कोर्सला पाठवू नका, निदान आत्ता तरी नको. सुरुवात कोटेशनपासनं करा. कोटेशनमध्ये "सगळी मॉड्यूल मिळून इतके लाख, थोडा ॲडव्हान्स, बाकी डिलिव्हरीनंतर" असं असेल तर पोरं रोज सकाळी उभं राहून कितीही मीटिंग करू देत, काम जुन्याच पद्धतीनं होणार, कारण पैसे शेवटी मिळणार आणि मधला प्रत्येक बदल म्हणजे तुमच्या खिशाला भोक. २००१ साली युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जो जाहीरनामा काढला त्यात मोजून चार मुद्दे आहेत, त्यातला एक हाच की कराराच्या घासाघिशीपेक्षा कस्टमरबरोबर मिळून काम करणं मोठं. आपण नेमका तोच सोडतो आणि स्टँडअप, म्हणजे ती सकाळची उभी मीटिंग, तेवढा उचलतो.

तर कोटेशन असं करून बघा. बिल दर महिन्याला, दर दोन आठवड्यानं चालणारं काहीतरी दाखवणार, मधेच नवीन काही घालायचं झालं तर तेवढ्याच कामाचं दुसरं काहीतरी बाहेर काढायचं, आणि कुठल्याही महिनाअखेरीला कस्टमरला थांबायची मुभा. ही शेवटची ओळ लिहायला आपल्या पोटात गोळा येतो पण मालक लोकांना तीच सगळ्यात जास्त पटते. सगळे तयार होणार नाहीत, ओळखीतला एक कस्टमर बास, आणि प्रोजेक्ट नवीन घ्या. आधीच तीन महिने लेट झालेल्या प्रोजेक्टवर हा प्रयोग करू नका, नाव अजाईलचं खराब होतं.

आता काम फोडायचं कसं, कारण इथंच बहुतेकजण अडकतात. जुन्या सवयीनं आपण आधी सगळे मास्टर (माल, कस्टमर वगैरेच्या याद्या) करतो, मग सगळ्या एन्ट्र्या, मग रिपोर्ट, म्हणजे तीन महिने कस्टमरच्या कामाचं काहीच तयार नसतंय. फौंड्रीचं सॉफ्टवेअर असेल तर पहिल्या दोन आठवड्यात फक्त एका हीटची, म्हणजे भट्टीतनं एका वेळी ओतलेल्या धातूची, नोंद घ्या: हीट नंबर, कुठल्या पॅटर्नचे (साच्याच्या नमुन्याचे) किती कास्टिंग ओतले, किती रिजेक्ट गेले, आणि संध्याकाळी तेवढ्याचाच एक रिपोर्ट. पॅटर्नची यादी एक्सेलमधनं उचला, लॉगिन-परमिशन नंतर बघू, जॉबवर्कचं चलान पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यात. दिसायला फाटकं दिसतंय पण वरपासनं खालपर्यंत चालतंय, तेवढंच पाहिजे.

मग ते घेऊन उद्यमबागेत जायचं. बेंगळूरच्या कंपन्या रात्री अमेरिकेला कॉल लावून डेमो देतात, आपल्याला टिळकवाडीतनं गाडी काढली की कस्टमरचं गेट येतंय, हा एवढा मोठा फायदा आपण वापरतच नाही. आणि डेमो मालकाच्या एसी केबिनमध्ये नको, शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला त्याच्या कॉम्प्युटरवर द्या, माऊस त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो विचारणार, रात्रपाळीत साडेबाराला ओतलेली हीट कुठल्या तारखेची? तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवसाची तारीख टाकतंय, फौंड्रीत ती आदल्या दिवसाच्या प्रॉडक्शनला धरतात. मग म्हणणार रिजेक्शन आत्ता कसं लिहू, ते तर फेटलिंग (कास्टिंग साफ करणं) झाल्यावर कळतंय, कधीकधी आमच्या कस्टमरकडं मशीनिंगला गेल्यावर आतला ब्लोहोल (हवेची पोकळी) उघडा पडतोय. म्हणजे ओतण्याची आणि रिजेक्शनची एन्ट्री एका स्क्रीनवर बसूच शकत नाही. हे दोन आठवड्यात कळलं तर एक टेबल बदलायचं, पाच महिन्यांनी कळलं तर त्या टेबलावर उभे केलेले सगळे रिपोर्ट परत लिहायचे. रिक्वायरमेंट लिहायला बसल्यावर ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काय आहे!

आणि आपल्या या जुन्या, एकामागनं एक टप्प्याच्या पद्धतीचा, म्हणजे वॉटरफॉलचा, बाप म्हणून ज्याचं नाव घेतात त्या विन्स्टन रॉइसनं १९७० सालच्या पेपरात स्वतःच लिहून ठेवलंय की वरनं खाली असं एकदाच जाणं धोक्याचं आहे. चित्र सगळ्यांनी उचललं, पुढचं कुणी वाचलं नाही.

स्टँडअपबद्दल जास्त लिहित नाही. १५ मिनिटं, कामाची कार्डं लावलेल्या बोर्डासमोर, मराठी कन्नड इंग्लिश ज्याला जे येतंय त्यात. "आगतैत्री सर" आणि "होतंय की" यावर कुणालाच सोडू नका, बोर्डावरचं कुठलं कार्ड आज बंद होणार तेवढं विचारा. ही मीटिंग काम करणाऱ्या पोरांची आहे, मॅनेजर वही घेऊन बसला की तिची हजेरी होते.

खर्च करायचाच असेल तर टेस्टिंगवर करा. दर दोन आठवड्याला रिलीज म्हटल्यावर सगळं सॉफ्टवेअर हातानं तपासणं जमतच नाही, त्यामुळं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), आपोआप होणारा बिल्ड (कोडपासनं चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं), आणि जिथं पैशाचा हिशोब आहे तिथं, म्हणजे जीएसटी, स्टॉकची किंमत वगैरे, ऑटोमॅटिक टेस्ट. सगळीकडं नको. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणजे झालं नाही, टेस्टरनं बघून कस्टमरच्या टेस्ट सर्व्हरवर चढलं म्हणजे झालं, हे भिंतीवर लिहून ठेवा. टेस्टरला पहिल्या दिवसापासनं बरोबर घ्या, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याच्या अंगावर सगळं टाकलं तर ते दोन आठवड्याचं वॉटरफॉलच झालं.

जुन्या कस्टमरचे फोन चालूच राहणार, बिल प्रिंट होईना, बॅकअप जाईना. त्यासाठी प्रत्येक स्प्रिंटला एकजण सपोर्टला बाजूला काढा, आळीपाळीनं. सपोर्टच जास्त असेल तर स्प्रिंटच्या नादाला न लागता कानबान करा, म्हणजे एका वेळी किती कामं हातात घ्यायची याला मर्यादा घाला, बास. पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाजी आकडा, मोजा पण पोरांची तुलना करायला वापरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तीनचं काम आठचं होतंय. आणि गणपतीच्या आठवड्यात निम्मी टीम मंडळात असते हे माहीत असताना फुल प्लॅन करणाऱ्याला काय म्हणावं.

रेट्रोला, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय जमलं काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगला, आपल्या कंपनीच्या मालकानं खोलीत बसू नये. आपल्याकडं सरांसमोर कोण बोलणार? चिठ्ठ्या लिहून घ्या, त्यातली एकच गोष्ट पुढच्या स्प्रिंटला बदला.

सगळ्यात अवघड काम कंपनीच्या या मालकाचंच आहे. कस्टमर त्याला लग्नात भेटतो, "तेवढा एक रिपोर्ट टाकून द्या की" म्हणतो, आणि सोमवारी मालक थेट ज्युनियरच्या टेबलाजवळ उभा. हे बंद करायला पाहिजे. कस्टमरचं मागणं घेणारा आणि काय आधी काय नंतर ठरवणारा माणूस एकच, बहुतेक ठिकाणी जुना प्रोजेक्ट मॅनेजरच, आणि त्याला मालकाला पण "पुढच्या स्प्रिंटला बघू" म्हणायचा अधिकार. पहिले दोन-तीन महिने मालकाला हे जड जाणार. त्याला बोर्ड दाखवायचा आणि विचारायचं, हे आत घेतो, यातलं बाहेर कुठलं काढू सांगा.