स्टुटगार्टला स्थायिक होताना ठाणे-नवी मुंबईकरांनी या चुका टाळाव्यात

मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्र शासनाने 2024 साली, स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या भागांतील परिचारिका, तंत्रज्ञ आणि अभियंते या शहराची चौकशी अधिक आस्थेने करू लागले आहेत. मी ठाण्यात जर्मन शिकवते आणि माझे अनेक विद्यार्थी तिकडे स्थिरावत असतानाही संपर्कात असतात. त्यांचे फोन ऐकून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. निघण्याआधीचा महिना घरोघरी बॅगा भरण्यात आणि वजन करण्यात जातो, पण तिकडे गेल्यावर माणूस अडतो तो पत्त्यापाशी आणि कागदापाशी. म्हणून या लेखात त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

नोंदणी होणार नाही अशी जागा घेणे

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यानंतर 14 दिवसांच्या आत ब्युर्गरब्युरो या नागरी कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंदणी करावी लागते. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाने सही केलेले, अमुक तारखेपासून ही व्यक्ती येथे राहते असे सांगणारे पत्र लागते. आपल्याकडच्या लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत दाखवून काम होईल असे अनेकांना वाटते, परंतु भाडेकरार हा त्या पत्राला पर्याय नाही.

घाईत केलेली चूक येथेच भोवते. घरे कमी आणि मागणी मोठी असल्यामुळे नवखा माणूस कोणाच्या तरी खोलीत दोन-तीन महिन्यांची पोटभाड्याची सोय करून घेतो आणि तेथे पोहोचल्यावर त्याला समजते की मूळ भाडेकरूने मालकाला विचारलेलेच नाही, त्यामुळे पत्र मिळणार नाही. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून कर-ओळखक्रमांक येत नाही, बऱ्याच बँका खाते उघडत नाहीत आणि निवास परवान्याचे कामही रखडते. त्यामुळे खोलीचा फोटो, स्टेशनपासूनचे अंतर, शाकाहारी सहनिवासी या सगळ्यांच्या आधी पहिला प्रश्न नोंदणीचा विचारावा आणि त्याचे उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे. पैसे घेऊन नुसता पत्ता वापरू देणारे लोकही भेटतात. प्रत्यक्ष न राहता अशी नोंदणी करणे हा तेथे दंडनीय प्रकार आहे, त्या वाटेला अजिबात जाऊ नये.

मुदतीत कार्यालयाची वेळ मिळत नसेल तर घाबरून गप्प बसू नये. जी पहिली वेळ मिळेल ती घ्यावी आणि तिच्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. मुदत उलटून गेली असली तरी न जाण्यापेक्षा उशिरा जाणे केव्हाही बरे.

पत्रपेटीवर नाव न लावणे

ही चूक फार किरकोळ दिसते आणि म्हणूनच तिच्यापायी सर्वांत जास्त मनस्ताप होतो. ठाण्यात इमारतीचे नाव, विंग आणि फ्लॅट क्रमांक लिहिला की टपाल पोहोचते. पोहोचले नाही तर कुरियरवाला फोन करतो किंवा वॉचमन पाकीट ठेवून घेतो. स्टुटगार्टच्या निवासी इमारतींत घरांना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन पत्रपेटीवरचे आणि बेलवरचे आडनाव पाहतो, आणि ते सापडले नाही तर पत्र परत जाते. सरकारी कार्यालये, बँका आणि आरोग्य विमा कंपन्या तर महत्त्वाचे बरेचसे आजही टपालानेच पाठवतात.

घोडबंदर रोडवरून गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीची नोंदणी वेळेत झाली होती, घरही चांगले होते, पण पेटीवर फक्त घरमालकिणीचे नाव होते. कर-ओळखक्रमांकाचे पत्र, विमा कार्ड आणि बँकेचा पिन ही तिन्ही पाकिटे एकापाठोपाठ परत गेली. पहिल्या पगारात कर अपेक्षेपेक्षा बराच जास्त कापला गेलेला दिसला, तेव्हा शोध सुरू झाला. उपाय साधा निघाला. कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून ती मालकिणीच्या संमतीने पेटीवर आणि बेलवर लावली, आणि मग तिन्ही ठिकाणी पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती केली. जास्त कापलेला कर पुढील पगारपत्रकात दुरुस्त होऊ शकतो, नाहीतर वार्षिक विवरणपत्र भरून परत मागता येतो.

नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच रोमन वर्णाक्षरांत लावावे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले असते, आणि जर्मन कार्यालये ते सगळे तुमचेच नाव समजतात. त्यात गैर काही नाही, मात्र विमा, बँक, नोकरीचा करार असे सर्वत्र ते एकसारखे असले पाहिजे. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असलेल्या स्त्रियांनी विवाह प्रमाणपत्र आणि त्याचा प्रमाणित अनुवाद निघण्यापूर्वीच तयार ठेवावा.

भाडे आणि अनामत यांचा चुकीचा हिशेब

जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे हे नुसत्या जागेचे भाडे, तर वार्ममीटेमध्ये साधारणपणे हीटिंग, पाणी आणि इमारतीचा देखभाल खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याबाहेरच राहतात. शिवाय वर्षअखेरीच्या हिशेबात प्रत्यक्ष वापर अंदाजापेक्षा जास्त निघाला तर फरक भरावा लागतो. म्हणून पगारातून वार्ममीटे वजा केले की उरलेले सगळे आपले, असे समजू नये.

अनामत रकमेला कायद्याने मर्यादा आहे. ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. भाड्याच्या घरासाठी दलालाला ज्याने नेमले त्यानेच त्याचे पैसे द्यावेत, हा नियम तेथे 2015 पासून लागू आहे, तेव्हा इकडच्या सवयीने महिन्याभराचे ब्रोकरेज देऊ करू नये.

मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आधी अनामत पाठवा, असा मजकूर आला की तो व्यवहार तेथेच थांबवावा. आपण ठाण्यात असल्यामुळे जागा पाहता येत नसेल तर तिकडच्या ओळखीच्या माणसाने घर आणि मालक दोन्ही प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रक्कम पाठवू नये. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवावे आणि पोलीस तक्रार करावी.

आणखी एक गोष्ट घर ठरवण्यापूर्वी विचारावी. ‘फर्निचरविना’ असलेल्या घरात ओटा, सिंक, शेगडी, इतकेच काय छतावरचे दिवेही नसण्याची शक्यता असते. आपल्याकडे रिकाम्या फ्लॅटलाही ओटा असतो, त्यामुळे हा प्रश्न मनात येत नाही आणि पहिल्या आठवड्यात मोठा खर्च समोर उभा राहतो.

खिडक्या बंद ठेवणे आणि जिन्याची पाळी विसरणे

हिवाळ्यात थंडी आत येऊ नये म्हणून आपली माणसे खिडक्या घट्ट लावून घेतात. आत कुकरच्या शिट्ट्या, उकडलेल्या मोदकांची वाफ आणि दोरीवरचे ओले कपडे यांचा दमटपणा साठतो आणि थंड भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर सोडताना तिच्या दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वसूल होऊ शकतो. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर कमी करून सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात, स्वयंपाकानंतर तर हटकून. बुरशी दिसलीच तर ती रंगाखाली झाकू नये, फोटोसह मालकाला लेखी कळवावे. दोष भिंतीचाही असू शकतो आणि तेव्हा तुमचे पत्रच उपयोगी पडते.

स्टुटगार्ट परिसरात केरवोखे नावाची जुनी प्रथा आहे. अनेक इमारतींत जिना, दारापुढचा भाग आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ साफ करण्याची पाळी आठवड्यागणिक एकेका भाडेकरूकडे येते. भाडेकरारात तसे लिहिले असेल तर ते बंधनकारक असते. सफाईला माणूस लावण्याची सवय असलेल्या सोसायटीतून गेलेल्यांना हे अवघड वाटते, परंतु शेजाऱ्यांचे तुमच्याविषयीचे पहिले मत बहुतेक वेळा याच पाळीवरून बनते, म्हणून मी तिला फार महत्त्व देते. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर ड्रिल किंवा मिक्सरचा दणदणाट टाळावा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी सार्वजनिक प्रसारण शुल्काचे पत्र येते. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावे लागतात. ते फसवणुकीचे पत्र समजून फेकून दिले की थकबाकी वाढत जाते. सहनिवासी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्कक्रमांक कळवला की पुरते.

बॅगेतील तूप आणि हापूस

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावेत. ताज्या फळांना आणि कढीपत्त्यासारख्या पाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूसही नको. नारळ आणि केळी यांना त्यातून सूट आहे. मसाले, मेतकूट, पोहे जरूर न्यावेत.

ठाण्यातली कामे अर्धवट सोडणे

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे खाते, करून घ्यावे लागते, आणि म्युच्युअल फंडातील केवायसीही बदलावी लागते. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो ते सिम बंद पडले तर ही सारी कामे परदेशातून जवळजवळ अशक्य होतात. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करावे आणि रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकावर सोपवावी.

घोडबंदरचा किंवा खारघरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर आईवडिलांच्या किंवा भावंडाच्या नावे कुलमुखत्यारपत्र येथेच करून जावे. तिकडे गेल्यावर तेच काम म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावे लागते आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

वाहन परवान्याची मुदत संपत आली असेल तर तो आधी नूतनीकृत करावा आणि आंतरराष्ट्रीय परवानाही आरटीओतून घ्यावा. भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, आणि वैध भारतीय परवाना हाती असेल तर ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरावीक तासांची सक्ती राहत नाही.