खाली घेतलेल्या गाडीचे टायर घासतात? या चुका टाळा

गाडी खाली घेतल्यावर, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची कमी केल्यावर, टायर घासू लागला की अनेकजण आधी मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे लायनर कापायला काढतात. टायर नेमका कुठे आणि केव्हा लागतो, हे पाहण्याआधी कात्री चालवणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक होय. पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज येत असेल, तर टायर बहुधा लायनरला किंवा आतल्या बाजूने सस्पेन्शनच्या भागाला लागतो. सरळ जाताना गतिरोधक ओलांडल्यावर येत असेल, तर चाक वर चढून फेंडरच्या (चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) आत वळवलेल्या कडेला घासते, आणि त्यावर लायनर कापून काहीच साधत नाही. लायनरला आणि पत्र्याच्या कडेला खडू फासावा, मागे माणसे बसवून सिंहगडाच्या घाटातली वळणे घ्यावीत आणि खडू कुठे पुसला ते पाहावे. एकट्याने रिकामी गाडी फिरवून घेतलेली खात्री पहिल्याच सहलीत खोटी ठरते.

चाकांच्या निवडीत फसगत होते ती ऑफसेटमुळे. रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला जिथे टेकते तिथपर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट; तो जितका कमी तितके चाक बाहेर येते. मूळ रिम ६ इंच रुंद व ४५ ऑफसेटची असेल आणि त्या जागी ७ इंच व ३५ ऑफसेटची बसवली, तर रुंदीचे १२.७ आणि ऑफसेटचे १० असे मिळून रिमची बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर येते, आतली कड मात्र जेमतेम २.७ मिलिमीटर आत सरकते. अशा गाडीला पुण्याच्या नाना पेठेतून स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये बसवायची चकती) आणून लावणे म्हणजे रोग वाढवणे, कारण स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो. तो उपयोगी पडतो तो केवळ टायर आतून लागत असताना, आणि तेव्हाही बोल्टची लांबी पुरते का ते तपासावेच लागते. टायरच्या बाबतीतही तेच आहे: १९५/५५ आर १६ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतल्यास टायर १० मिलिमीटर रुंद होतोच, शिवाय ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के असल्याने त्याची त्रिज्याही साडेपाच मिलिमीटरने वाढते, हे सहसा कोणी मोजत नाही.

बम्प स्टॉप (सस्पेन्शनमधला रबरी अडथळा) काढून टाकणे ही तर उघड घोडचूक आहे, कारण चाकाला ठरावीक उंचीच्या वर जाण्यापासून तोच अडवतो. फेंडरची कड आत वळवायची असेल, तर पत्रा हॉट एअर गनने तापवूनच वळवावा. थंड पत्र्यावर रंग तडकतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्या फटीतून गंज शिरतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन) वाढवून टायरची वरची बाजू आत झुकवता येते, परंतु अति केल्यास टायर आतल्या कडेने झिजतो.

घासलेल्या टायरमध्ये आतले धागे दिसत असतील, तर तो बदलावाच. कायद्याचेही भान असावे: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतात.

माझ्या मते, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर) असल्यास गाडी १० ते १५ मिलिमीटर वर घेणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि हौसेपायी तोच सर्वांत शेवटी आठवतो. उंची बदलली की टो (चाकांची पुढची बाजू आत वा बाहेर वळण्याचा कोन) आणि कॅम्बरही बदलतात, म्हणून चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि नव्याने खडू फासून पुन्हा घाट चढावा.