जादूच्या पिक्चरमधल्या चुका पकडायच्यात? मागचा समुद्र बघा
पोरांसोबत तोच जादूचा पिक्चर परत बघायची वेळ आली तर आवाज बंद करा आणि हिरोचं तोंड सोडून मागचं बघा, एकच सीन वेगवेगळ्या अँगलने तासन्‌तास शूट होतो ना. त्यात आपल्या मालवण-गुहागरसारखा किनारा असेल तर मजाच, भरतीपासून ओहोटीला साधारण ६ तास लागतात, म्हणजे परीची दोन वाक्यं होईपर्यंत पाणी पार खडकांमागे गेलं की समजायचं मधे जेवणाची सुट्टी झालेली. "पहाट" म्हणून समुद्रातून सूर्य वर येताना दाखवला तर संध्याकाळचा शॉट उलटा फिरवलाय, पश्चिम किनारा आहे बाबा! उडत्या गालिच्याच्या वायरी शोधत बसू नका, त्या आता कॉम्प्युटरवर पुसतात. कोकम सरबताचा ग्लास बघा, कट झाला की परत भरलेला.